खोल्या बदलायचा रविवार

“एक तारखेला तुमचा टेम्पो मोकळा आहे का?” आप्पांनी सकाळी सव्वासातला विचारलं. मला वाटलं, त्यांच्या ओळखीतल्या कुणाचं तरी घर हलायचं असेल.

आप्पा म्हणजे माझे सासरे. आमचा धंदा लोकांची घरं हलवायचा. नवरा टेम्पो चालवतो. मी खोकी भरून घेते, गड्यांवर ओरडते, आणि जिन्याच्या वळणात कपाट अडकलं की ते कसं तिरकं करायचं ते सांगते. गडी मला तोंडावर मुकादम म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मी विचारत नाही.

“आप्पा, एक तारखेला टेम्पो मोकळा असतो का कधी?” मी म्हटलं. “अख्ख्या गावाला एक तारखेलाच घर बदलायची हुक्की येते. कुणाचं सामान आहे?”

“माझं,” आप्पा म्हणाले.

नवऱ्याच्या हातातला चहा हातातच राहिला. आप्पा मात्र शांत. गावाबाहेर वयस्कर माणसांसाठी एक निवास आहे म्हणे. तिथे त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच नाव घातलं होतं आणि आता खोली रिकामी होत होती. बाग आहे, वाचायला पेपर आहेत, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो. “सात खोकी, एक खुर्ची आणि एक पेटी,” त्यांनी एखाद्या गिऱ्हाइकासारखं सांगितलं. “एकला जमत नसेल तर दोन तारीखही चालेल.”

मला दुःख झालं की आधी राग येतो. हा माझा जन्मजात दोष आहे, त्याला औषध नाही. मी डब्याचं झाकण असं काही दाबलं की भाजी बाहेर आली, आणि म्हटलं, “दोन तारीख लिहून ठेवते.” तेवढंच. नवरा माझ्याकडे बघत राहिला आणि मी भिंतीकडे.

आठ महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या आणि आम्ही आप्पांना इकडे आणलं. बस डेपोत छत्तीस वर्षं वेळापत्रकं बनवलेला माणूस. कुठली गाडी किती वाजता सुटेल, कुठला ड्रायव्हर कुठल्या गाडीवर जाईल, सगळं ह्यांच्या पट्टी-पेन्सिलीतून निघायचं. बोलणं जेवढ्यास तेवढं. चहात साखर घालायची राहिली तर तसाच पिणार, वर कप धुऊन पालथा घालणार. आमच्या घरात स्वयंपाकघराला लागून एक मागची खोली होती, तिथे आम्ही धंद्याची रिकामी खोकी आणि गिऱ्हाइकांनी ठेवायला दिलेली भरलेली खोकी रचायचो. ती रिकामी केली, रंग दिला, पलंग टाकला, आणि आप्पांची सात खोकी भिंतीला लावून ठेवली.

ती सात खोकी आठ महिन्यांत उघडलीच नाहीत. आमच्या धंद्यात एक नियम आहे, गिऱ्हाइकाचं खोकं गिऱ्हाईक सांगेपर्यंत उघडायचं नाही. त्यामुळे आम्ही वाट बघत राहिलो, आप्पा कधी म्हणतायत उघडा म्हणून. आणि आप्पा बहुतेक वाट बघत राहिले, घरातलं कुणी कधी उघडतंय म्हणून. दोन्हीकडे शिष्टाचार, आणि मध्ये टेप लावलेली खोकी.

त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचं सामान चढवताना नवरा मला म्हणाला, “तू विचार ना त्यांना, का जाताय म्हणून. मला नाही विचारवत.”

“मी का विचारू? तुझे वडील आहेत. माझं काय चुकलं ते तरी कळू दे! वेळेवर चहा, वेळेवर जेवण, औषधाच्या गोळ्या मी मोजून देते. अजून काय करायचं होतं?”

“तू काही कमी केलं नाहीस गं,” तो म्हणाला. आणि दोर आवळता आवळता माझ्याकडे पाठ करून म्हणाला, “आई गेली, आता ते पण. मला वाटलं होतं, उरलेली वर्षं तरी आपल्यात काढतील.” चाळीस किलोचं कपाट एकट्याने उचलणारा माणूस, आणि आवाज असा की मला पुढे भांडताच आलं नाही.

पुढचं जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. कुठल्या मासिकात वाचून नाही, कुणी सल्ला दिला म्हणून नाही. ते माझ्या रागातून झालं. माझ्या रागातून सहसा फक्त भांडी आपटतात, ह्या वेळी एक बरी गोष्ट निघाली.

आमच्या दोन मुली खिडकीच्या खोलीत झोपायच्या. मोठी सतरा वर्षांची, परीक्षेचं वर्ष. धाकटी दहाची, झोपेतसुद्धा बडबडते. शनिवारी संध्याकाळी आम्ही कामावरून आलो तर दोघींची जुंपलेली. मोठी म्हणत होती, हिच्यामुळे माझा अभ्यास होत नाही. धाकटी म्हणत होती, हिच्या दिव्यामुळे मला झोप येत नाही. मोठी म्हणाली, खिडकीजवळची जागा माझी. धाकटी म्हणाली, तुझं नाव लिहिलंय का? मग मोठीने खडूने जमिनीवर रेघ मारली, आणि धाकटीने ती पायाने पुसली, आणि मग एक उशी फाटली.

बाराव्या मजल्यावरून कपडे धुवायचं मशीन उतरवून आलेली बाई मी. माझी कंबर मोडलेली, आणि ह्यांची रेघ!

“बास!” मी ओरडले. “कुणाचीच कुठली जागा नाही! उद्या सगळ्यांनी खोल्या बदलायच्या! सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी, मी आणि तुमचा बाबासुद्धा! चिठ्ठ्या टाकायच्या, जी येईल ती खोली, आणि पुन्हा रेघ मारली तर दोघींना टेम्पोत झोपवीन!”

हॉलच्या कोपऱ्यातून आप्पांचा आवाज आला. “उद्या तारीख किती?”

“पंधरा,” नवरा म्हणाला.

“म्हणजे महिन्याचा मधला. धंदा थंड असतो ना तेव्हा? बरोबर दिवस निवडलाय.” आणि त्यांनी मान डोलावली. आठ महिन्यांत त्यांनी माझ्या एखाद्या निर्णयाला मान डोलावलेली मी पहिल्यांदा बघितली, आणि तोही निर्णय मी रागात घेतलेला.

रागात बोललेलं सकाळी मागे घ्यायची माझी पद्धत नाही. रविवारी नाष्टा झाल्यावर धाकटीने पातेल्यात चार चिठ्ठ्या टाकल्या. घरात झोपायच्या जागा चार: हॉल, खिडकीची खोली, मधली खोली आणि मागची खोली. उचलणारेही चार: आम्ही नवरा-बायको मिळून एक, मोठी, धाकटी आणि आप्पा. आप्पा आधी म्हणाले, मी कशाला, मी तर चाललोच आहे. धाकटीने पातेलं त्यांच्या नाकाखाली धरलं. “अजून गेला नाहीत ना? मग काढा.” पोरगी माझ्यावर गेली आहे, आणि कधी कधी ते कामाला येतं.

आप्पांना खिडकीची खोली आली. मोठीला आमची मधली खोली आली, तशी ती नाचायलाच लागली. धाकटीला हॉल. आम्हाला मागची.

मग जे काम झालं ते मात्र बघण्यासारखं. दुसऱ्यांची घरं हलवून हलवून हाताला सवय झालेली. नवऱ्याने पलंगांचे पाय काढले, मी गाद्या गुंडाळल्या, मोठीने खोक्यांवर नावं घातली. धाकटी “सांभाळून! काच आहे! काच!” असं ओरडत पुढे पळत होती, आणि तिच्या हातात तिची चड्डी-बनियनची पिशवी. आप्पा खुर्ची टाकून दारात बसले आणि घड्याळ लावलं. “दोन तास दहा मिनिटं,” शेवटी त्यांनी जाहीर केलं. “मधल्या दारात दोनदा वाहतूक खोळंबली. आधी हॉल रिकामा करायला हवा होता.”

“आधी सांगायचं होतंत!” मी म्हटलं.

“कुणी विचारलं नाही,” ते म्हणाले.

धाकटीने लगेच अजून एक नियम काढला. आम्ही घर हलवतो तेव्हा जुना भाडेकरू नव्याला सांगतो ना, कुठला नळ गळतो, कुठली खिडकी अडकते, तसं इथेही सांगायचं. प्रत्येकाने आपल्या जुन्या खोलीची एक खोड नव्या माणसाला सांगायची. सांगितल्याशिवाय सही नाही. आम्ही मोठीला सांगितलं, कपाटाचं दार आपोआप उघडतं, भूत नाही. मुलींनी आप्पांना सांगितलं, टेबलाचा एक पाय आखूड आहे. मग आप्पांची पाळी. मागच्या खोलीची खोड.

“काही नाही,” ते म्हणाले. “शांत खोली आहे. एकदम शांत.”

“असं चालत नाही आजोबा. खोड सांगा.”

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “कडी जरा ओढून लावावी लागते.”

दुपारी सगळे हॉलमध्ये जमिनीवर बसून जेवलो, कारण टेबल कुठे गेलं ते कुणालाच आठवेना. नवरा म्हणाला, “आयुष्यभर दुसऱ्यांची घरं हलवली, पण आपल्या घरात आपलं म्हणून ठरलेलं असं काही नव्हतंच. वाढदिवससुद्धा गिऱ्हाइकाच्या जिन्यात साजरे झाले. हे ठेवू या का दर तीन महिन्यांनी? महिन्याच्या मधल्या रविवारी?” मुलींनी इतका आरडाओरडा केला की शेजारीण डोकावून गेली. आप्पा फक्त म्हणाले, “मग चिठ्ठ्या नकोत. चिठ्ठ्यांवर सोडलं तर एकाच माणसाला तीनदा हॉल येईल. वेळापत्रक पाहिजे. मी करून ठेवतो जायच्या आधी.”

जायच्या आधी. मी त्यांच्या ताटात अजून भात वाढला. आणि म्हटलं, “करा.”

पुढचे दिवस बरे गेले, हे मला कबूल केलं पाहिजे. धाकटी हॉलमध्ये झोपायला लागली तेव्हा तिला कळलं की आई-बाबा पहाटे पाचला बूट हातात घेऊन बाहेर पडतात, तिची झोप मोडू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी ती उठून दारात उभी, आमच्या दोघांच्या पाण्याच्या बाटल्या भरून. मोठी दार लावून अभ्यास करायची आणि जेवायला हसत बाहेर यायची. एवढी हसरी पोरगी आमच्या घरात राहते हे मी विसरलेच होते. आप्पा खिडकीत बसून रस्त्यावरच्या बसचे नंबर बघायचे आणि जेवताना सांगायचे, आज अमुक गाडी नऊ मिनिटं उशिरा आली, नव्या माणसाने काय दिवे लावलेत कोण जाणे. ते जेवताना बोलायला लागले होते. पण दोन तारीख कॅलेंडरवर माझ्याच अक्षरात लिहिलेली होती, आणि त्यांनी ती पुसायला सांगितली नव्हती.

पंचवीस तारखेला मुलींना सुट्टी होती, आणि आम्हाला पहाटेचं एक काम होतं. अकराला आम्ही परत आलो. नवरा टेम्पोचं टायर बघायला गेला, आणि मी मागच्या खोलीत दार लावून आडवी झाले. दिवसाउजेडी त्या खोलीत मी कधी पडलेच नव्हते. आम्ही तिथे झोपायला जायचो तेव्हा स्वयंपाकघर बंद झालेलं असायचं, आणि दिवसा स्वयंपाकघर सुरू असेल तर त्यात मीच असायची.

डोळा लागणार एवढ्यात चमचा पडला. माझ्या उशाशी पडल्यासारखा. मी दचकून उठले. खोलीत कुणी नाही. मग मोठीचा आवाज आला, भाजी चिरत असावी. “अगं, आईची नक्कल कर ना.”

धाकटी लगेच सुरू झाली. माझा आवाज, माझं ते कमरेवर हात ठेवून बोलणं, मला न बघता दिसलं. “एक तो चष्मा! दिवसातून तीनदा हरवतो, आणि तीनदा डोक्यावर सापडतो! मी माणसं सांभाळू की चष्मे?” दोघी फिदीफिदी हसल्या. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. पोरगी हुबेहूब करत होती.

“आता ते खोलीचं,” मोठी म्हणाली.

“पोरगी बाथरूममध्ये बसून पाठांतर करते, परीक्षा तोंडावर आली, आणि इथे एक अख्खी खोली पेपर वाचण्यात जाते!”

माझं हसू थांबलं.

“आणि खोक्यांचं?”

“ते नको,” धाकटी म्हणाली. “ते वाईट आहे.”

“कर गं. आजोबा खाली फिरायला गेलेत.”

मग धाकटी हळू आवाजात म्हणाली, आणि ते हळूसुद्धा मला स्वच्छ ऐकू आलं, “लोकांची ठेवायला घेतलेली खोकी बरी. त्यांना निदान कुणीतरी परत न्यायला येतं.”

मी हे बोलले होते. दोनएक महिन्यांपूर्वी, एका गिऱ्हाइकाने दिवसभर छळल्यावर, कांदा चिरता चिरता, कुणालाही उद्देशून नाही, नुसतं हवेत. मी दिवसातून असं वीसदा बोलते. बाहेर गड्यांशी नीट बोलावं लागतं, गिऱ्हाइकाशी गोड बोलावं लागतं, मग उरलेलं सगळं त्या ओट्यावर ओतते आणि मोकळी होते. बोलून झालं की माझ्या लक्षातही राहत नाही. आणि ते सगळं, रोजच्या रोज, आठ महिने, एक माणूस पलंगावर पडून ऐकत होता.

मी स्टुलावर चढून बघितलं. कपाटाच्या वर, छताखाली, हवेसाठी ठेवलेली वीतभर जाळी. पलीकडे ओट्यावरचं फडताळ. वर्षानुवर्षं त्या खोलीत खोकी राहत होती, आणि खोक्यांनी कधी तक्रार केली नाही. भिंतीला कान असतात हे मी लहानपणापासून ऐकत आले. आमच्या भिंतीला तोंडही होतं, आणि ते माझं होतं.

“शांत खोली आहे. एकदम शांत.” माझी लाज राखायला तो माणूस खोटं बोलला होता, माझ्याच पोरींसमोर. मी स्टुलावर तशीच बसले आणि रडले. तोंडात पदर कोंबून रडले, कारण आता मला माहीत होतं की पलीकडे सगळं ऐकू जातं.

फिरून आल्यावर आप्पा खिडकीच्या खोलीत टेबलाशी बसले होते. समोर मोठा कागद, पट्टी, दोन रंगांची पेनं. मी दार न वाजवता आत गेले.

“तुम्हाला सगळं ऐकू यायचं,” मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. विचारलं नाही काय म्हणून. “हो,” म्हणाले.

“मग बोलला का नाहीत? एकदा तरी भिंतीवर हात मारायचा! खोकायचं! ‘सूनबाई, मी मेलो नाही अजून,’ असं ओरडायचं! आठ महिने नुसतं ऐकून घेतलंत?”

मी माफी मागायला गेले होते आणि त्यांच्यावरच ओरडत होते. आप्पा जरासे हसले.

“तुझी सासू असंच करायची,” ते म्हणाले. “स्वयंपाकघरात सगळ्या जगाला झोडपायची आणि बाहेर येऊन जेवायला वाढायची. चाळीस वर्षं ऐकलंय मी. मला उलट बरं वाटायचं. घरात कुणीतरी बोलतंय. आणि मी ऐकतोय असं कळलं असतं तर तू बोलणं बंद केलं असतंस. मग तू कुठे बोलायचं?”

“म्हणजे त्यामुळे नाही चाललात?”

त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. मग म्हणाले, “मोठीच्या खोलीचं जे बोललीस, ते खरं होतं. पोरगी बाथरूममध्ये अभ्यास करते आणि मी पेपर वाचतो. डेपोत आम्ही अशी गाडी बंद करायचो. रिकामी फिरणारी, आणि दुसऱ्या गाडीची जागा अडवणारी.”

“आणि खोक्यांचं?”

“ते लागलं,” आप्पा म्हणाले. चष्मा काढून पुसायला लागले. “ते मात्र लागलं गं.”

बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात, पण त्या क्षणी माझ्याकडे एक बोर शिल्लक नव्हतं. “चुकलं माझं,” मी शेवटी म्हटलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, ह्या घरात हे दोन शब्द मी कुणाला म्हटलेले नव्हते. “आप्पा, मी ते मनापासून नव्हतं म्हटलं. तुम्ही गेलात तर तुमचा मुलगा मोडून पडेल. आणि मी पण. मला कोण सांगणार, आधी हॉल रिकामा करायचा म्हणून?”

समोरचा कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला, विषय बदलावा म्हणून. “हे बघ, झालं तुमचं वेळापत्रक. एक वर्षाचं. भिंतीवर लाव.”

वेळापत्रक सुरेख होतं, ह्यात वाद नाही. डावीकडे चार खोल्या, वर चार तिमाह्या, सरळ रेघा, निळ्या शाईत नावं. आई-बाबा, मोठी, धाकटी. आणि प्रत्येक उभ्या रांगेत जी एक खोली उरत होती तिथे लाल शाईत शब्द लिहिला होता, ‘अभ्यास’. पहिल्या तिमाहीत मधली खोली, दुसरीत मागची, तिसरीत खिडकीची, चौथीत हॉल. चार वेळा ‘अभ्यास’. आप्पा कुठेच नव्हते. स्वतःच्या हाताने, पट्टी लावून, त्या माणसाने स्वतःला घरातून काढलं होतं.

मग मात्र मला राग आला. खरा, माझा, ओळखीचा राग, आणि खोटं सांगत नाही, तो आला तेव्हा मला हायसं वाटलं.

“हे काय केलंत तुम्ही? छत्तीस वर्षं वेळापत्रकं केलीत आणि एका माणसाला विसरलात? कुणा साहेबाने पास केलं असतं का हे? आमच्याकडे एक बशी कमी उतरली तर मी अख्खा टेम्पो पुन्हा रिकामा करायला लावते, आणि इथे अख्खा माणूस कमी!” मी पेन उचललं आणि पहिला ‘अभ्यास’ खोडला. इतक्या जोरात की कागद थोडा फाटला. वर लिहिलं, ‘आप्पा’. माझं अक्षर आधीच दिव्य, त्यात राग. दुसरा खोडला, ‘आप्पा’. तिसरा. चौथा. “अभ्यासाला जागा मी काढते! जागा काढणं हा माझा धंदा आहे! तिसऱ्या मजल्यावर पियानो चढवलाय मी, एका पोरीला टेबल मांडून देता येणार नाही? तुम्ही तुमचं बघा!”

एवढं ओरडले की मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. धाकटीच्या हातात अर्धा सोललेला बटाटा.

आप्पांनी कागद उचलला. फाटलेली जागा बोटाने दाबून बघितली. माझं अक्षर बघितलं. मग त्यांनी घसा खाकरला, आणि डेपोत एखाद्या नवशिक्या कारकुनाला बोलावं तशा आवाजात म्हणाले, “असलं खाडाखोड केलेलं वेळापत्रक मी आयुष्यात भिंतीवर लावलेलं नाही. कोरा कागद आण.”

मला पटकन कळलंच नाही. धाकटीला आधी कळलं. बटाटा टाकून ती पळाली.

“आणि नुसती नावं बदलून भागणार नाही,” ते पुढे म्हणाले, तोवर पट्टी लावूनही झाली होती. “मोठीची परीक्षा पुढच्या तिमाहीत आहे. तिला मधलीच खोली ठेवायला हवी, तिचं दार नीट लागतं. म्हणजे मधली तिची आणखी तीन महिने. तुम्ही हॉलमध्ये या, पहाटे बाहेर पडायला सोपं. धाकटी खिडकीत. मागची मग मलाच येते.”

“ती जाळी मी आजच बुजवते,” मी घाईघाईने म्हटलं.

“हात लावायचा नाही जाळीला. पेपरात काय असतं? खरं जग तुझ्या ओट्यावर कळतं मला.”

मोठी रडत होती आणि हसत होती. तिने काय काय ऐकलं होतं आणि काय काय समजली होती ते मी नंतर विचारायचं ठरवलं. नवरा त्याच वेळी टायर बदलून हात पुसत आला. सगळ्यांना एका खोलीत बघून त्याचा चेहरा पडला, वाईट बातमी असणार असंच त्याला वाटलं. मी त्याला काही सांगणार तेवढ्यात आप्पांनी त्याच्याकडे फोन मागितला. त्या निवासाचा नंबर त्यांना पाठ होता. सगळे नंबर त्यांना पाठ असतात.

“नमस्कार. दोन तारखेला मी येणार होतो. हो, तोच. माझं नाव काढा. नाही, नाही, तब्येत चांगली आहे. हो, जागेचीच अडचण होती.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. आप्पा नव्या कागदाकडे बघत होते. त्यावर एका तिमाहीच्या खोल्या भरून झाल्या होत्या आणि बाकीच्या अजून कोऱ्या होत्या.

“सुटली ना अडचण,” ते फोनवर म्हणाले. “एक सोडून चार खोल्या निघाल्या माझ्या.”

नवरा दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला आणि आम्हा सगळ्यांसमोर, पोरींसमोर, वंगणाचे हात तोंडावर घेऊन रडला. आप्पांनी फोन ठेवला, उठले, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून तिथेच उभे राहिले.